पाचशे घंटा

सरदार भुजंगराव जे करत ते डोळे दिपवणारंच असे. त्यांनी माळावर शेळ्यामेंढ्यांचा कळप उभा केला तोही थाटात: दगडी कुंपण, पाण्याला तांब्याची घंगाळं, आणि पाचशेच्या पाचशे गळ्यांत पितळी घंटा! पण पहिल्याच दिवशी कळप चरायला सुटला आणि वाट फुटेल तिकडे पांगला. सरदारांना धक्काच बसला.

"एवढा सरंजाम दिला तरी ही तऱ्हा? मेंढक्यांना चाबकाने फोडून काढा!"

म्हातारी ठकूबाई धनगरीण पुढं आली. "सरकार, पोरांची चूक न्हाई. घंटा एकाच्याच गळ्यात बांधायची असती."

"आणि बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

"मग सरकार, पागोट्यावरचा तुमचा हा मोत्यांचा तुरा उद्या समद्यास्नी द्या. घोडी राखणाऱ्या मोतद्दाराला द्या, पाणक्याला द्या. त्यांनी तरी काय पाप केलंय?"

शेजारी उभ्या कारभाऱ्यांचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला. सरदारांनी दोन्ही हातांनी तुरा झाकला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, मग सरदार कोण हे लोकांना कळायचं कसं?"

"मेंढरं तेच इचारत्यात, सरकार. पाचशे घंटा वाजत्यात, मग म्होरक्या कोण?"

चाबूक खुंटीला गेला. चारशे नव्व्याण्णव घंटा उतरल्या. उरलेली एक ठकूबाईनं म्हाताऱ्या बोकडाच्या गळ्यात बांधली. बोकड चालू लागला आणि अख्खा कळप गुमान त्याच्या मागून निघाला. सरदार आ वासून बघत राहिले. तुऱ्यावरचे हात मात्र त्यांनी काढले नाहीत.