खाली बसवलेली गाडी

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव रंगनाथ. सासरे मल्हारी मिस्त्री, त्यांचं गॅरेज. रंगनाथ सांगितलेलं सगळं करायचा. अडचण तेवढीच होती.

बाकीच्यांना मिस्त्री शिव्या घालून शिकवत. जावयाला शिव्या घालता येत नाहीत. म्हणून ते दात आवळून ‘जावईबापू’ म्हणत.

गावातल्या सुजितचं लग्न उद्यावर आलं होतं. त्याने हौसेने गाडी खाली बसवून घेतली होती. इतकी, की खालून मांजर जाईना. गाडी दिसायची झोकात. पण सायलेन्सर रस्त्याला घासायचा, आणि मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट वरच्या पत्र्यावर खडखड आपटायचा.

“मिस्त्री, उद्या ह्याच गाडीतून मांडवात जायचंय,” सुजित म्हणाला. “मुहूर्त चुकला तर सासरा पोरगी द्यायचा नाही. आधीच त्याला मी पसंत नाही.”

मिस्त्रींची कंबर धरली होती. ते बाजेवरूनच म्हणाले, “जावईबापू, सायलेन्सर वर उचलून बांधा.”

“बरं, मामा.”

रंगनाथने बांधला. झकास बांधला.

“आता शाफ्टचं बघा.”

रंगनाथने शाफ्टही तारेने वर बांधला. सुजितने गाडी सुरू केली. शाफ्टने तार गुंडाळली, तारेने सायलेन्सर ओढला, आणि सगळं खाली आलं.

“जावईबापू,” मिस्त्री म्हणाले, “फिरणाऱ्या वस्तूला आवळायचं नसतं. मोकळं सोडायचं.”

“बरं, मामा.”

रंगनाथने तार काढली. सायलेन्सर पुन्हा बांधला. मग त्याला चाकं दिसली. चाकंही फिरतात. त्याने सगळे नट सैल केले. सुजितने गाडी बाहेर काढली, तर एक चाक गाडीच्या पुढे निघून गेलं आणि चहाच्या टपरीत जाऊन बसलं.

मिस्त्रींनी उशी चावली.

“चाकं आवळा, जावईबापू! आणि शाफ्टसाठी जागा करा. दोन वस्तू एकमेकींवर आपटत असल्या, की कडक असेल ती सोडायची, मऊ असेल ती ठोकायची. शाफ्ट कडक, पत्रा मऊ. कळलं?”

“कळलं, मामा.”

रंगनाथने चाकं आवळली, खालून पत्रा ठोकला. खडखड थांबली. सुजित खूश झाला. फेटा बांधून बघावा म्हणून बांधला आणि आत बसला.

“रंगनाथराव, फेटा छताला आपटतोय हो.”

रंगनाथने छत चाचपलं. कडक. फेटा चाचपला. मऊ. त्याने हातोडा उचलला.

सुजित पलीकडच्या दारातून बाहेर पडला तो थेट मिस्त्रींच्या बाजेमागे.

“जावईबापू!” मिस्त्री ओरडले. “माणसाला ठोकत नसतात! तुम्ही आता काही म्हणजे काही ठोकू नका. उद्या गाडी घासली, आपटली, तर फक्त ओझं उतरवा. ओझं उतरलं की गाडी आपोआप वर येते.”

“बरं, मामा.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री जीपमधून पुढे मांडवात पोहोचले. नवरदेवाची गाडी चालवायला रंगनाथ. आत सुजित, त्याची करवली आणि दोन जाडजूड मामा.

फाट्यावर स्पीडब्रेकर आला. गाडी खर्रकन घासली. रंगनाथने सुजितच्या दोन्ही मामांना उतरवलं. तरी घासली. करवलीला उतरवलं. तरी थोडी घासली.

इकडे मांडवात गुरुजी घाई करत होते. मुलीचा बाप येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात हार घातलेली गाडी आली. ना खर्र, ना खडखड. बँड वाजला. सुवासिनी ओवाळायला पुढे झाल्या. मुलीच्या बापाने स्वतः दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

“मामा, फाट्यानंतर एकदाही घासली नाही!” रंगनाथ खाली उतरत म्हणाला.

“जावईबापू, नवरदेव कुठंय?”

“फाट्यावर उतरवला.”

“अहो, स्पीडब्रेकर ओलांडल्यावर परत बसवायचा ना!”

रंगनाथ गोंधळला.

“तुम्ही ओझं उतरवा म्हणालात, मामा. चढवा कुठं म्हणालात?”