पातेल्याचं पूर्वचरित्र

“उभ्या ढोलगडात माझ्याइतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही!” येसबानं भर दरबारात छाती फुगवली. मग मान खाजवत पुटपुटला, “म्हणजे... वाटेत कोंबडी आडवी आली नाही तर.”

झालं! पंच खो खो हसले. कपाळावर हात मारला तो त्याच्या बायकोनं, गोजरानं. ती राजाच्या मुदपाकखान्यात भांडी घासायची. आज मात्र नवऱ्याला सोडवायला आली होती. राजाच्या बागेतला फणस अवसेच्या रात्री चोरीला गेला होता आणि आळ आला होता येसबावर. शिक्षा ठरलेली: गाढवावरून धिंड आणि हद्दपारी!

ढोलगडची रीतच न्यारी. आधी भालदार आरोपीची जुनी लफडी ललकारायचा, लगेच पंच निकाल द्यायचे. मधलं साक्षीपुराव्याचं लचांडच नाही!

“कोंबड्या, बदक आणि शेजाऱ्याची शेळी!” भालदार गरजला.

“शेळी आपणहून मागं आली होती!” येसबा कळवळला.

“दोषी!” सगळे पंच एका सुरात.

गोजरा पुढं झाली. “महाराज, हा निकाल फणसाचा की शेळीचा? मागचं ऐकलं की पुढचं कुणी ऐकतच नाही!”

राजा प्रचंडराव हट्टाला पेटले. “आमचे पंच मागचं ऐकणारच! ‘मागचं सांगायला नको होतं’ असं त्यांच्याच तोंडून वदवून दाखव, तर खटला नव्यानं ऐकू. नाहीतर गाढवावर तुलाही जागा आहे!”

“चालेल! पण पंच उपाशी दिसतात. आधी जेवू द्या त्यांना.”

पंगत बसली. खुद्द राजाही पाटावर. गोजरानं पंचांना आटीव बासुंदी वाढली. थोरले पंच नानाजी तर वाटी चाटायला लागले.

“कशी झालीय, नानाजी?”

“अमृत गं, अमृत! आण आणखी!”

“आणते की! पातेलंच गुणाचं आहे. गेल्या सालापर्यंत यात सरदारांची धोतरं उकळत होती.”

नानाजींच्या तोंडातली बासुंदी वाटीत परतली. बाकीचे चुळा भरायला धावले.

“घासलंस तरी का गं?”

“चिंचेनं, राखेनं! तोंड बघा त्यात, मिशा मोजता येतील.”

“तरीसुद्धा! अगं बये, हे मागचं सांगायला नको होतं!”

“ऐकलंत, महाराज?”

नानाजी कसले ऐकतात! “तसं नव्हे! आधी सांगायला हवं होतंस!”

“आधी सांगितलं असतं तर चाखली असतीत? न चाखताच नासकी म्हणाला असतात!”

नानाजींनी वाटी हळूच दूर सरकवली. राजाला मिशीतलं हसू लपवता येईना. “बरं, चाखू या तुझा खटला. अवसेच्या रात्री येसबा होता कुठं?”

“तुमच्याच कोठडीत, महाराज! बदकापायी!”

“खरंय, सरकार,” दारातला कोठडीवाला म्हणाला, “कुलूप मीच घातलं होतं. पण मला कुणी विचारलंच नाही!”

राजा असा हसला की पगडी घरंगळत बासुंदीत पडली. येसबा तिथंच सुटला आणि गोजराला बक्षीस मिळालं चांदीचं भलंमोठं पातेलं!

गोजरानं ते उलटंसुलटं केलं. आत नाक घालून वास घेतला. “महाराज, यात आधी काय असायचं हो?”

राजानं मिशीला पीळ दिला. “गोजरे, मागचं सांगायचं नाही, असं आत्ताच ठरलं ना?”