राजा हलका, मेणा जड

धाडकन मेणा पडला! राजासकट!

चिंचोळगडचे राजे कृशराज (नाव ठेवताना घरच्यांना काय माहीत पुढे काय होणार!) पडद्यातून घरंगळत बाहेर आले आणि भरबाजारात फतकल मारून बसले. कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं! राजांचा पारा चढला तो थेट दरबारातच जाऊन फुटला.

"भोई आळशी झालेत! खाऊन खाऊन सुस्तावलेत!"

मेणा उचलणाऱ्या चार भोयांमधला वयानं मोठा धाकलू हात जोडून म्हणाला, "माफी असावी महाराज, पण हल्ली वजन जरा..."

"कुणाचं वजन?"

गर्दीत उभ्या सारजानं आपल्या बापाकडे, धाकलूकडे पाहिलं. आबाचा खांदा सुजून टम्म झाला होता. त्यानं घाईनं शब्द फिरवला.

"मे... मेण्याचं, महाराज."

"हां! मेण्याचंच!" राजे एकदम खुलले. "आमचं कशानं वाढेल? आम्ही खातो काय? सकाळी तोंडात टाकायला म्हणून चार घावनं. दुपारचं जेवण धरायचंच नाही, ते तर सगळेच जेवतात. आणि रात्री तर आम्ही नुसतं दूध घेतो!"

"बासुंदीला दूध म्हणतात होय आता?" राणीसाहेब पदराआडून पुटपुटल्या.

"महाराजांची हाडंच मुळात रुंद आहेत," वैद्यबुवांनी घाईघाईनं सांगितलं.

"आणि कापड मेलं आटतं फार!" दरबारचा शिंपी म्हणाला. बिचारा गेल्या दिवाळीपासून तोच अंगरखा उसवत होता.

राजांनी मांडीवर थाप मारली. मांडी बराच वेळ हलत राहिली. "ऐका! देवीच्या जत्रेला हाच मेणा, हेच चार भोई आम्हाला गडावर नेतील. वाटेत एकदाही मेणा टेकवायचा नाही. टेकला, तर चौघंही अंधारकोठडीत!"

गडाची वाट म्हणजे छातीवर येणारा चढ. रिकाम्या हातानं चढतानासुद्धा आई आठवते!

तेवढ्यात सारजा गर्दीतून पुढे घुसली.

"महाराज, एक विचारू?"

"तू कोण गं?"

"धाकलू भोयाची सारजा. मेण्यात हे वजन नेमकं आहे तरी कुठं?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. राजांनी जरा डोकं खाजवलं. "कुठं म्हणजे... तळाला! शिसवी तळ आहे. पावसात पाणी पिऊन बसलाय लेकाचा."

"आणि तुमच्यात किती?"

"आमच्यात? पिसाएवढंसुद्धा नाही!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सारजा दरबाराकडे वळून म्हणाली. "मग मेणा हलका करायची परवानगी द्या."

"दिली! काढ काय काढायचं ते. फक्त आम्ही कुणाला दिसता कामा नये."

याला मात्र कारण होतं. जत्रेच्या दिवशी राजानं देवीला तोंड दाखवायच्या आधी दुसऱ्या कुणालाही दाखवायचं नाही, अशी तिथली रीत! म्हणून तर बंद मेणा.

जत्रा उजाडली. मेण्याचे मखमली पडदे इतके लांब होते की मेणा खांद्यावर घेतला तरी जमिनीला टेकत. राजे ऐटीत आत शिरले, बसायला गेले... आणि थेट मातीवर!

"अगं ए! तळ कुठाय?"

"काढला, महाराज!" सारजा पडद्याला तोंड लावून म्हणाली. "सगळं वजन त्यातच होतं ना!"

"मग आम्ही बसायचं कशावर?"

"उचला रे!" सारजा ओरडली.

"हुंऽ हुंऽ" करत भोयांनी मेणा उचलला आणि निघाले! आता राजे काय करणार? मागं राहिले तर उघड्यावर पडतील, आणि सगळं गाव दुतर्फा उभं! तोंड दाखवलं तर रीत मोडते. निघाले बिचारे आतल्या आत, दुडूदुडू!

पहिल्याच वळणावर आतून आवाज आला, "सारजे... थांबव... टेकव!"

"टेकवला तर आबा कोठडीत जाईल ना! पण उभं राहायला कुठं बंदी आहे? आबा, थांबा जरा."

असं थांबत, फुसफुसत मेणा चढू लागला. मागून राणीसाहेबांनी विचारलं, "एवढ्या धापा कोण टाकतंय?"

"आमचा आबा!" सारजा म्हणाली. आबा मजेत शीळ घालत होता!

शेवटी एकदाचं देऊळ आलं. राजे पडदा फाडल्यासारखे बाहेर आले. लालबुंद! घामानं निथळलेले! देवीसमोर कसेबसे हात जोडून ते गर्रकन वळले.

"कार्टे! सगळा गड आम्हाला पायी चढायला लावलास! भोयांनी आम्हाला उचललं कुठं?"

धाकलूनं डोळे मिटले.

सारजा शांतपणे म्हणाली, "महाराज, तळातलं वजन तळाबरोबरच गेलं, उरलेला मेणा भोयांनी उचलून आणला. तुमच्यात तर पिसाएवढंही नाही म्हणालात. जे नाहीच, ते बिचारे उचलणार कसं?"

राजे असे गडगडून हसले की पोट वर-खाली उड्या मारायला लागलं, आणि ते पाहून त्यांना आणखीच हसू फुटलं!

"जिंकलीस पोरी! आजपासून मेणा तुझ्या हुकमात. भोयांना नवी पागोटी, गोडाचं जेवण... आमचंसुद्धा त्यांनाच वाढा! आणि तुला हे सोन्याचं कडं!"

राजे मनगटातलं कडं ओढायला लागले. ओढलं, पिळलं, तेल लावलं, कडं काही निघेना. वैद्यबुवा पुढे आले, "महाराज, हाडंच मुळात..."

"गप्प बसा हो बुवा!" राजे म्हणाले. "हाडं नाही, हात जाड झालाय माझा! सारजे, दर मंगळवारी मेणा घेऊन ये. तळ लावू नकोस. ज्या दिवशी कडं आपोआप घरंगळेल, त्या दिवशी घेऊन जा!"