उंबराने लावून घेतलेली दारं

ओढ्याकाठी एक उंबर होता. एके सकाळी समोरच्या बाभळीवर दोन साळुंक्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. एक म्हणाली, "अगं, या उंबराच्या फळांत म्हणे किडे असतात. आता त्याचं काही खरं नाही, येत्या हंगामात तो..." तेवढ्यात खाली कुत्रं भुंकलं आणि दोघी भुर्रकन उडाल्या.

उंबराच्या जिवाला घोर लागला. येत्या हंगामात तो काय? वाळणार की पडणार?

त्यात यंदा त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची बायको बाळंतीण होती. तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून चोच जाईल एवढीच फट ठेवली होती. नवरा दिवसभर उंबरं वेचून तिला आणि पिलांना त्या फटीतून भरवायचा. बाळंतिणीला किडकं खाऊ घातलं, असं उद्या कोणी म्हटलं तर?

उंबराच्या प्रत्येक फळाच्या टोकाशी एक बारीक दार असतं. तिथून इवल्या माश्या आत शिरतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने नव्या फळांची सगळी दारं लावून घेतली.

दुपारी एक माशी आली. अंगभर पिवळी पूड माखलेली. "उंबरदादा, मला अंडी घालायचीत, आणि हातात आजचाच दिवस आहे," ती म्हणाली. "पलीकडच्या उंबराकडून तुमच्या फुलांसाठी ही पूडही आणलीय."

"मला कुठली आलीत फुलं? सगळं गाव म्हणतं, उंबराला फूल येत नाही."

"गावाने बाहेरून बघितलंय. फुलं तुमच्या फळाच्या पोटात आहेत, दादा."

उंबराला ते पटलं नाही. माशी बिचारी शेजारच्या फांदीवर जाऊन बसली.

तासाभरात दारं लावलेली फळं पिवळी पडून टपटप ओढ्यात गळू लागली. जुनी पिकलेली तर सकाळीच संपली होती. धनेश रिकाम्या चोचीने परतला. आतून बायकोने विचारलं, आज काय आणलंत? पिलांची कुरकुर उंबराच्या थेट गाभ्यापर्यंत पोचली.

उंबराने शरमत सगळं सांगून टाकलं. धनेश हसला. "किडे तर मी लहानपणापासून खातोय, उंबरराव. ही माशी पूड घेऊन आत गेली नाही, तर तुमचं फळ टिकत नाही. एवढी वर्षं झाड असून तुम्हालाच ठाऊक नाही?"

उंबराने तडक उरलेली सगळी दारं उघडली. माशी आत शिरली, मागोमाग तिच्या बहिणीही. फळं पिकेपर्यंत धनेशाने डोंगरापलीकडून दाणापाणी आणलं. दमला, पण पिलं जगली.

मग उंबर असा पिकला की फांद्या लाल झाल्या. ढोलीचं लिंपण फुटलं, आई पिलांना घेऊन बाहेर आली आणि पाखरांची पंगत बसली. साळुंक्याही आल्या. उंबराने विचारलं, त्या दिवशीचं वाक्य पुरं काय होतं गं?

"कोण जाणे," साळुंकी भरल्या तोंडाने म्हणाली. "मीही अर्धंच ऐकलं होतं."

किडे होते, तेवढं खरं होतं. बाकीचं वाक्य अर्धंच राहिलं. धाकट्या पिलाने एका फळाला चोच लावली, तशा आतून चारदोन नव्या माश्या पूड माखल्या पिवळ्या अंगाने निघाल्या आणि पलीकडच्या उंबराकडे उडाल्या.

तात्पर्य: दारात आलेल्याला हाकलण्याआधी त्याने काय आणलंय ते बघावं. जे आपल्या आधाराने जगतात, त्यांच्याच आधाराने आपणही जगत असतो.