मिठाची मूठ

जहागीरदार दौलतरावांच्या मुदपाकखान्यात एकाहून एक सरस आचारी होते. धोंडूच्या रश्श्यासाठी तर लोक पंगतीत जागा धरायचे. पण मागच्या सणाला त्याच्या हातून मीठ जरा जास्त पडलं आणि सरकारांनी त्याला भर चौकात चाबकाने फोडून काढलं.

आज व्याही जेवायला आले होते. पहिल्याच घासाला दौलतरावांचा चेहरा बदलला. रस्सा साफ अळणी होता. त्यांनी सगळ्या आचाऱ्यांना पंगतीसमोर उभं केलं. चाबूकवाला आचाऱ्यांच्या पाठीमागे येऊन थांबला.

"मीठ घालायचं काम कोणाचं होतं?"

आचारी एकमेकांकडे बघू लागले. शेवटी त्यांच्यातली तानूबाई पुढे झाली.

"सगळ्यांचंच, सरकार. पण धोंडूची पाठ बघितल्यापासून ज्याला त्याला वाटतं, दुसऱ्याने घालावं."

"मूठभर मिठाला एवढं घाबरता? मी डोळे मिटून घालेन."

तानूबाईने रश्श्याचं पातेलं आणि मिठाची बरणी त्यांच्यासमोर आणून ठेवली.

"घाला, सरकार. चव व्याहीबुवा बघतील."

दौलतरावांनी मूठ भरली. व्याह्यांनी वाटी पुढे केली. मूठ पातेल्यावर गेली आणि तिथेच थबकली. थोडं मीठ त्यांनी परत बरणीत टाकलं, मग आणखी थोडं. सगळी पंगत जेवण सोडून बघत होती. दौलतराव हळूच म्हणाले, "तानू, एवढं पुरे होईल ना?"

तानूबाईने एकदा चाबूकवाल्याकडे पाहिलं.

"सरकार, तुमच्या पाठीमागे तर कोणी उभंही नाही."