प्रश्न सातवा

“अख्ख्या गावात एकबी पास न्हाई?”

“एकही नाही, बुवा.” फणसळकर सर शिंकले. “साधे दहा प्रश्न. रोजच्या जगण्यातलं विज्ञान. ही बघा नापासांची यादी. पहिलंच नाव शाळेच्या गुरुजींचं!”

ते गुरुजी म्हणजे मी. टेकडीवरच्या मठात, केरोबा बुवांसमोर मान खाली घालून बसलो होतो. सर शहरातल्या मोठ्या संस्थेत ताऱ्यांचा अभ्यास करतात. त्याच संस्थेनं गावातल्या मोठ्या माणसांची विज्ञानाची परीक्षा घेतली होती. यादी ते उद्या आमच्याच शाळेच्या भिंतीवर चिकटवणार होते. माझी पोरं ती वाचणार होती.

“न्हाई लावली तर?” बुवा म्हणाले.

“लाज वाटल्याशिवाय माणूस शिकत नाही.” पुन्हा शिंक. रुमाल केव्हाच ओलाचिंब झाला होता. सरांनी खिशातून एक गोळी काढली आणि पाणी मागितलं.

बुवांनी तांब्या पुढे केला. “कसली वो ही?”

“अँटिबायोटिक. बायकोला दाढेसाठी दिलेल्या, त्यातल्या उरल्या होत्या. सर्दीवर उत्तम.” आणि गिळलीसुद्धा.

बुवा माझ्याकडे वळले.

“गुरुजी, तुमचं काय चुकलं?”

मी तपासलेला पेपर उघडला. “बरंच चुकलं. हा सातवा बघा. अँटिबायोटिकनं सर्दी बरी होते, बरोबर की चूक? मी ‘बरोबर’ लिहिलं.”

“मग बरोबरच आहे की!” सर म्हणाले.

“फुली आहे, सर. खाली लिहिलंय, सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर हे औषध चालत नाही.”

सरांनी पेपर माझ्या हातातून घेतला. दोनदा वाचला.

“हा प्रश्न माझा नाही,” ते म्हणाले. “जीवशास्त्रवाल्यांनी घातलाय. माझे फक्त पहिले तीन. ग्रहांवरचे.”

“त्ये गुरुजींना आलं का?”

“तिन्ही आले,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर जरा मोठ्यानंच म्हणालो.

सर काहीतरी बोलणार होते, पण शिंक आली. एक, दोन, तीन... डोळ्यांत पाणी, नाकात पाणी. त्यांनी सगळे खिसे चाचपले. हाती आला तो ओला रुमाल.

बुवांनी सरांच्या मांडीवरची नापासांची यादी उचलली, घडी घातली आणि त्यांच्यापुढे धरली.

“ह्यो कागद कोरडा हाय, सायेब. नाक पुसा.”