प्रधानांनी पकडलेला हेर

शेजारच्या राज्याशी कधी जुंपेल याचा नेम नव्हता, म्हणून राजाने शत्रूची भाषा आपल्या मुलांना लहानपणीच शिकवायचं ठरवलं. शाळा चिमणाबाईंकडे सोपवली, कारण त्यांचं माहेरच सीमेपलीकडचं.

महिन्याभराने प्रधान गुंडोपंत तपासणीला गेले आणि तणतणत दरबारात परतले. "महाराज, तोफा, तह, चढाई यातलं पोरांना अक्षर येत नाही! ही बाई पाहुण्याला आग्रह कसा करावा, रुसलेल्याची समजूत कशी काढावी, हे शिकवत बसते. शाळा बंद करा."

राजाने चिमणाबाईंना बोलावून घेतलं. सगळं ऐकून त्या नम्रपणे म्हणाल्या, "पंत, गेल्या साली शत्रूचा हेर तुम्हीच पकडलात ना? ओळखलात कसा?"

गुंडोपंतांची छाती फुगली. हा किस्सा ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवतच असत. "माझ्याच पंगतीला जेवला. लढाईच्या गोष्टी आपल्या भाषेत अशा फाडफाड बोलला, की मीही फसलो. पण निघताना 'जातो' म्हणाला! आपल्यात निरोप घेताना पोरसुद्धा 'येतो' म्हणतं. तिथेच धरला."

"त्याच्याही शाळेची तपासणी कुणीतरी प्रधानांनीच केली असणार," चिमणाबाई म्हणाल्या.

दरबार खो खो हसला. लालबुंद झालेले गुंडोपंत ताडकन उठले. "इथे माझी किंमतच नसेल, तर मी जातो!"

दारावरच्या पहारेकऱ्यांनी तत्काळ भाले आडवे धरले.